पुस्तकभावजींची नावं

माझ्या मोठ्या दिरांचं नाव मी चौतीस वर्षांत एकदाही तोंडातून काढलेलं नाही. आमच्यात सुनेनं सासऱ्याचं आणि मोठ्या दिराचं नाव घ्यायचं नसतं, त्याऐवजी काहीतरी दुसरं म्हणायचं. कुणी 'उंच भावजी' म्हणतं, कुणी 'घोडेवाले भावजी'. माझ्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी दिरांची कादंबरी छापून आली, आणि मी त्यांना 'पुस्तकभावजी' म्हणायला लागले. त्यांना वाटलं, मान दिला. मीही त्यांचा गैरसमज दूर करायला गेले नाही.

या माणसाला आपलं नाव सगळ्या देशाच्या तोंडी हवं होतं. आता आमच्या ताश-बुलाकमधला अर्धा गाव आमच्याच कुळातला. म्हणजे अर्ध्या गावातल्या सगळ्या सुनांना ते नाव घ्यायला बंदी. उरलेल्या अर्ध्या गावाला त्या नावाची गरज पडत नव्हती. मला यात फार समाधान वाटायचं, खोटं कशाला बोलू.

कादंबरीचं नाव 'सातवी खिंड'. राजधानीत तीन हजार प्रती छापल्या आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या ट्रकमध्ये भरून लेखकाच्या गावी पाठवल्या. सांस्कृतिक भवनाच्या मागच्या खोलीत, कोळशाच्या ढिगाशेजारी, त्या पंचवीस वर्षं पडून होत्या. दर हिवाळ्यात उंदरांनी मन लावून वाचल्या तेवढंच. बाजारात सूर्यफुलाच्या बिया त्याच पानांच्या पुड्यांत मिळायच्या. मी स्वतः बाराव्या पानापर्यंत गेले होते. बाराव्या पानापर्यंत नुसता वाराच वाहतो. माणूस एकही येत नाही.

लोकांनी पुस्तक वाचलं नाही तर नाही, पुस्तकभावजींनी ते लोकांच्या पोरांवर लिहायला घेतलं. ते शाळेत साहित्य शिकवायचे. शिकलेला माणूस, केस पांढरे, डोक्यावर नेहमी इस्त्री केल्यासारखी कालपाक टोपी. त्यामुळे बाळ झालं की लोक नाव ठेवायला त्यांनाच बोलवायचे. आणि हे प्रत्येकाला आपल्या कादंबरीतलं एकेक पात्र वाटत सुटले. साधं नाव त्यांना चालायचंच नाही. माझा नवरा बुधवारी जन्मला म्हणून त्याचं नाव शारशेन. सख्ख्या भावाला हे चार लोकांत म्हणायचे, "शारशेन! हे काय नाव आहे की कॅलेंडर?" आणि तोच कॅलेंडर दर शरद ऋतूत शिडी लावून यांचं गळकं छप्पर नीट करून द्यायचा.

मी ग्रामकार्यालयात जन्ममृत्यूची नोंदवही लिहिते. त्यामुळे ही सगळी रत्नं माझ्याच हातून गेली. चागिलगान म्हणजे वीज. हा चागिलगान सकाळी बूट घालायला बसला की दुपारी उठतो. इल्बिर्स म्हणजे हिमबिबट्या, तो शेजारच्या कुत्रीला घाबरून घराला वळसा घालून शाळेत जायचा. नाव मोठं लक्षण खोटं, दुसरं काय! अशी सतरा नावं मी लिहिली. प्रत्येक वेळी भावजी खिडकीतून डोकावून विचारायचे, "नीट लिहिलंस ना? कादंबरीत आहे तसं?"

"कादंबरी इथं कुठे आहे भावजी," मी म्हणायचे, "कोळशात आहे."

ही झाली गंमत. आता गंमत नाही ती गोष्ट.

त्यांचा मुलगा उलान साधा माणूस, मेंढ्यांच्या मागे असतो, बापासमोर नजर वर करत नाही. त्याची बायको जिपार. लांबच्या खोऱ्यातली, शांत, हातात सतत काम. सासऱ्यासमोर तिचा आवाज गावात कुणी ऐकला नव्हता. चहा ओतून वाटी पुढे करायची आणि पाठ न दाखवता मागे सरकायची, बस.

तिला पहिला मुलगा झाला तो ब्याण्णवच्या माघाच्या थंडीत. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी, फार तर सातव्या दिवशी नाव ठेवतात. पण हा स्वतः लेखकाचा नातू! पुस्तकभावजींनी तीन नावांची यादी केली. ती भिंतीवर लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं. घराण्याच्या नावापुढे कोणतं जास्त शोभतं ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. सातवा दिवस गेला. आठव्या दिवशी म्हणाले, "घाईनं ठेवलेलं नाव माणसाला जन्मभर टोचतं." नवव्या दिवशी बाळाला ताप चढला, खिंडीतला रस्ता बर्फानं बंद होता, आणि संध्याकाळच्या आत सगळं संपलं.

दुसऱ्या दिवशी मी नोंदवही उघडली. जन्म आणि मृत्यू एकाच ओळीत. बापाचं नाव लिहिलं, घराण्याचं नाव लिहिलं. घराण्याचं नाव म्हणजे आमच्यात आजोबांचंच नाव. ते अगदी पूर्ण, ठसठशीत. आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात काय लिहू? मी रेघ ओढली. त्या दिवशी मला पहिल्यांदा या माणसाची चेष्टा करावीशी वाटली नाही. किळस आली.

दुसरा मुलगा झाला तेव्हा मात्र भावजींनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं: कोकजाल, कादंबरीतला कुणी लांडग्याच्या काळजाचा सरदार. हा सरदार चाळीस दिवस जगला. मी कार्यालयात काम करणारी बाई आहे, नावानं माणूस मरतो असं मी म्हणत नाही. थंडीनं मरतो, बंद रस्त्यानं मरतो. पण जिपार काही कार्यालयात काम करत नव्हती.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती कुणाशीच बोलेनाशी झाली. आणि सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये तिला तिसरा मुलगा झाला.

बातमी घेऊन शेजारची बाई "सुयुंचू! सुयुंचू!" ओरडत भावजींच्या दारात गेली. आनंदाची बातमी आणणाऱ्याला काहीतरी द्यायचं असतं. लोक ओढणी देतात, साखर देतात. भावजींनी तिला 'सातवी खिंड' दिली, सहीसकट. ती बिचारी पुस्तक हातात धरून माझ्या दारात आली आणि म्हणाली, "जुमागुल, हे खायचं असतं का गं?"

त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं. नाव तयार आहे. पंचवीस वर्षं राखून ठेवलेलं. गावात इतकी नावं वाटली, पण कादंबरीच्या नायकाचं नाव कुणालाही दिलं नाही, ते घरच्यासाठी होतं. तानातार. म्हणजे 'पहाट फुटेल'. गोष्ट खरी, नाव सुंदर होतं. मला त्याचाही रागच आला.

तिसऱ्या दिवशी मी मेंढीच्या नळीचा रस्सा आणि लोणी घेऊन जिपारकडे गेले. तिची सासू साबिरा, माझी जाऊ, बाहेर सरपण आणायला गेली होती. जिपार बाळाला घट्ट धरून बसली होती, कुणी ओढून नेईल अशी.

"काकी," ती म्हणाली, "याचं नाव तोकतोसुन ठेवायचं."

तोकतोसुन म्हणजे 'थांबो'. ज्या घरात मुलं जगत नाहीत त्या घरातलं जुनं नाव. आमच्या खोऱ्यात दर तिसरा मेंढपाळ तोकतोसुन आहे. आया पूर्वीपासून तेच ठेवत आल्यात.

"तुझा सासरा ऐकणार आहे होय! तो म्हणेल, हे काय नाव आहे, ही तर विनवणी आहे."

"आहेच विनवणी," ती म्हणाली. "मला विनवणीच करायचीय. आणि नवव्या दिवसाच्या आत. नवव्या दिवशी याला नाव नसेल तर मी काय करीन मला माहीत नाही."

"तानातार काही वाईट नाही गं," मी तिला समजवायला म्हणाले. "पहाट वगैरे."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी येडीच आहे.

"काकी, तानातार मरतो."

"कोण?"

"पुस्तकातला. शेवटच्या प्रकरणात. खिंडीत हिमकडा कोसळतो, सगळे पलीकडे जातात, तो एकटा खाली राहतो. एकोणीस वर्षांचा. त्याची आई वसंतापर्यंत रोज खिंडीच्या तोंडाशी जाऊन हाक मारते."

मी चमचा खाली ठेवला. "तू वाचलंस?"

"तीनदा."

"पूर्ण?"

"पहिला गेला तेव्हा घरात दुसरं काही नव्हतं वाचायला," जिपार म्हणाली. "सुरुवातीला नुसता वारा आहे. मधेही कंटाळा येतो. पण ती आई हाका मारते ना, ते चांगलं लिहिलंय काकी. खरंच चांगलं लिहिलंय. तिच्याकडे निदान हाक मारायला नाव तरी आहे. मी पहिल्यासाठी रडायला बसते तर काय म्हणून रडू? बाळा म्हणू? बाळ तर हाही आहे."

मी रस्सा तिच्या हातात दिला आणि तशीच उठून सांस्कृतिक भवनात गेले.

पुस्तकभावजी मागच्या खोलीत होते, समारंभात वाटायला चांगल्या दिसणाऱ्या प्रती निवडत होते. उंदरांनी कुरतडलेल्या डावीकडे, बऱ्या उजवीकडे.

"भावजी," मी म्हणाले, "तुमचा तानातार शेवटी मरतो म्हणे."

"कोण म्हणतं?"

"मरतो की नाही?"

"ते बलिदान आहे. पण तुला कुणी सांगितलं?" गावातलं कुणी तिथवर पोचणं शक्य नाही, हे त्यांनाही पुरतं ठाऊक होतं.

"तुमच्या सुनेनं. तीनदा वाचलंय तिनं. दोन मुलं पुरली पोरीनं, भावजी. तिसऱ्याला तुम्ही बर्फाखाली गाडलेल्या पोराचं नाव देणार? तिला तोकतोसुन हवंय. नवव्या दिवसाच्या आत हवंय."

त्यांनी चष्मा काढला. हातातली प्रत खाली ठेवली. मला वाटलं, कळलं बाई याला एकदाचं. जन्मभरात एकदा तरी हा माणूस लाजेल.

"तीनदा?" ते म्हणाले. "काय म्हणाली ती? कुठला भाग आवडला?"

मी कोळशाच्या ढिगाला वळसा घालून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"रडली का? शेवटाला रडली का, ते विचारलंस?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बाळाचं बोला!" मी ओरडले. "बाळाचं!"

"हो हो, बाळाचं," ते म्हणाले, पण नजर माझ्यावर नव्हतीच. पालथ्या घड्यावर पाणी. मी दार आपटून निघून आले.

पुढचे चार दिवस ते घरी जेवायलाही धड गेले नाहीत. शाळेतला टाइपरायटर उचलून मागच्या खोलीत आणला. दिवसभर टकटक. मग साबिरा माझ्याकडे रडत आली, म्हणाली, घरातलं पीठ नेलं, खळ करायला. त्या वर्षी पीठ काय सहज मिळत होतं? लोक बार्ली दळून खात होते. आणि हे गृहस्थ गव्हाच्या पिठाची खळ शिजवून काहीतरी चिकटवत बसलेले.

काय चिकटवत होते ते आठव्या दिवशी कळलं.

त्या दिवशी घरात तीसेक माणसं जमली. जेवणाच्या दस्तरखानावर बोरसोकचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा ढीग, मेंढी कापलेली. पुस्तकभावजी नवी कालपाक घालून मध्ये बसले आणि आधी भाषण केलं. साहित्य म्हणजे काय, नाव म्हणजे काय. मटण निवत चाललं होतं. मग त्यांनी एक प्रत उघडून वर धरली. शेवटच्या पानावर नवीन पान चिकटवलेलं होतं, खळीनं फुगलेलं.

"काही वाचकांना," ते म्हणाले, आणि 'वाचकांना' या शब्दावर त्यांचा आवाज मऊ झाला, "तानातारच्या मृत्यूनं दुःख झालं. मी शेवट बदलला आहे. नव्वद प्रतींत बदलला आहे. बाकीच्यांतही बदलेन. तानातार आता मरत नाही."

आणि त्यांनी ते वाचून दाखवलं. हिमकड्याखालून तानातार बाहेर येतो. त्याचं लग्न होतं. त्याला सात मुलं होतात. पुढे तो सामूहिक शेताचा अध्यक्ष होतो. लोकांनी मान डोलावली, कारण मटण दिसत होतं. मी मनात म्हणाले, धन्य आहे! नाव सोडवेना म्हणून मेलेलं माणूस उठवलं. याच्यापुढे कोणी हात टेकावेत तरी किती.

साबिरानं बाळ त्यांच्या हातात दिलं. बाळाच्या उजव्या कानात आधी अजान म्हणायची, मग तीनदा नाव. पूर्वीच्या राजवटीत शाळेत देव नाही असं शिकवणारे आमचे भावजी आता खिशातल्या कागदावरून अजान म्हणायचे. त्यांनी कागद काढला, चष्मा लावला, अजान म्हटली, आणि कागदाची घडी घातली.

"बाबा."

आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. जिपार चहाची किटली घेऊन दारापाशी उभी होती. नजर खाली, डोक्यावरची ओढणी कपाळापर्यंत.

"बाबा, मी आधीचं वाचलंय," ती म्हणाली.

उलान बायकोकडे बघत होता, जणू आजच पाहिलं तिला.

"तुम्ही आता काहीही चिकटवलंत तरी माझ्यासाठी तो गेलाय. मी रडलेय त्याच्यासाठी. ते मला परत घेता येत नाही." तिनं श्वास घेतला. "नाव फार चांगलं आहे, बाबा. ते माझ्या पहिल्याला द्या. त्याला नाव नाही. याला तोकतोसुन म्हणा."

मी पुस्तकभावजींच्या तोंडाकडे बघत होते. मला ते तोंड पडलेलं बघायचं होतं, चौतीस वर्षांतली, म्हणजे तेव्हाची अठ्ठावीस वर्षांतली, माझी तेवढीच इच्छा होती. आणि पडलं. पण मला मजा आली नाही. त्यांचा खालचा ओठ लहान पोरासारखा हलायला लागला. ते बाळावर वाकले आणि त्याच्या कानात म्हणाले, "तोकतोसुन." मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. पण बाळाच्या कानाला लागूनच होते, त्याला पोचलं असेल.

मग त्यांनी बाळ जिपारच्या हातात दिलं, टोपी नीट केली आणि न जेवता बाहेर पडले. मेंढीचं मानाचं डोकं, जे दर समारंभात आपल्याच पुढ्यात यावं म्हणून ते मान उंच करून बसायचे, ते तसंच ताटात राहिलं.

आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. मी त्यांच्या मागोमाग गेले, पण टेकडीच्या खालीच थांबले. वर पुस्तकभावजी पहिल्या बाळाच्या लहानशा ढिगाऱ्याशी गुडघ्यांवर बसलेले दिसले. खूप वेळ. मग ते पुढे वाकले, कान शोधत असावेत तसे. वारा होता, मला काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच ते खिडकीशी उभे होते. तोकतोसुनची नोंद मी केली. ते हलले नाहीत.

"ब्याण्णवची वही काढ," ते म्हणाले.

"भावजी, जुन्या नोंदीत लिहायला परवानगी नाही. माझी नोकरी जाईल."

"हो," ते म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.

मी ब्याण्णवची वही काढली. ते खिडकीतून डोकावले नाहीत. नीट लिही म्हणाले नाहीत. फक्त एकदा घसा साफ केला आणि हळूच विचारलं, "ती खरंच रडली होती का गं, शेवटाला? म्हणाली तसं?" माणूस तो माणूसच. वरून कितीही मऊ पडला तरी आत तेच. मी वहीची पानं उलटायला लागले.

तोकतोसुन आता सहा वर्षांचा आहे. एका जागी क्षणभर थांबत नाही, आणि जिपार दिवसातून शंभर वेळा अंगणातून त्याला हाका मारते. मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येतं.

त्या दिवशी ब्याण्णवच्या वहीत मी ती ओळ शोधली. बापाचं नाव होतं. आजोबांचं नाव होतं, पूर्ण आणि ठसठशीत. बाळाच्या रकान्यातली रेघ खोडावी लागली नाही. शाळेतली पोरं आखलेल्या ओळीवर लिहितात तसं मी रेघेवरच लिहिलं, तानातार.